कालपर्यंत चालणारा जीआरपीसी सेटअप आज का मोडतो

जीआरपीसी म्हणजे एका प्रोग्रॅमने नेटवर्कवरून दुसऱ्या प्रोग्रॅमची फंक्शनं बोलावण्याची पद्धत. रिपॉझिटरीत एका ओळीचाही बदल नाही, तरी नव्या लॅपटॉपवर बिल्ड पडतो. कधी प्रोटोसी म्हणतो प्लगिन सापडत नाही, कधी पायथन इम्पोर्टच्या ओळीलाच अडखळतो, कधी गो कंपायलर कधी न ऐकलेल्या नावावर अडून बसतो. मग कोणीतरी एखादं पॅकेज खालच्या व्हर्जनला ओढतं, काम सुरू होतं, आणि पुढच्या इन्स्टॉलला दुखणं पुन्हा उलटतं.

उलटण्याचं कारण असं की या सेटअपमध्ये एक नव्हे, तीन वस्तू असतात. प्रोटोसी हा प्रोटो फाइल (मेसेज आणि सर्व्हिस यांचं वर्णन) वाचणारा कंपायलर. त्या त्या भाषेचं प्लगिन हे प्रत्यक्ष कोड लिहिणारं. आणि रनटाइम लायब्ररी ही प्रोग्रॅम चालताना लोड होणारी. प्रोटोसी येतो ॲप्ट किंवा होमब्रू या पॅकेज मॅनेजरमधून, प्लगिन येतं गो इन्स्टॉलसारख्या कमांडमधून, रनटाइम येतो प्रोजेक्टच्या डिपेंडन्सीतून. लॉकफाइलचा (डिपेंडन्सीची नेमकी व्हर्जनं नोंदवणाऱ्या फाइलचा) पहारा फक्त तिसऱ्यावर. पहिल्या दोघांचं जे व्हर्जन त्या मशिनवर पडलेलं असेल ते बिनबोभाट वापरलं जातं.

म्हणून एरर वाचण्याआधी एकच गोष्ट ठरवा: गाडी कुठे अडली? कोड तयार होताना, तयार झालेला कोड कंपाइल किंवा इम्पोर्ट होताना, की कॉल जाताना? पहिल्या दोन टप्प्यांतल्या बिघाडाचा नेटवर्कशी काडीचाही संबंध नसतो, आणि तिसऱ्यातला बिघाड पॅकेज खालीवर करून सहसा जात नाही. खाली कमांड आणि एरर उच्चाराप्रमाणे दिले आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचे.

कोड तयारच होत नाही

‘व्हिच’ कमांड डॅश ए लावून चालवा आणि मशिनवर प्रोटोसी किती आहेत ते मोजा. एक ॲप्टचा, एक होमब्रूचा, एक कोंडाच्या एन्व्हायर्न्मेंटमधला असे दोनतीन निघणं नेहमीचं. पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) जो आधी तो चालतो. पायथनवाल्यांसाठी इथे एक फसवी जागा आहे. जीआरपीसीआयओ-टूल्स या पॅकेजच्या पोटात स्वतःचा प्रोटोसी असतो. त्यामुळे ‘प्रोटोसी डॅश डॅश व्हर्जन’ जे सांगतो त्याचा, पायथन मॉड्यूलमार्फत तयार झालेल्या कोडशी संबंधच नसतो. तिथे पिपला विचारून जीआरपीसीआयओ-टूल्सचं व्हर्जन बघायचं.

‘प्रोटोसी-जेन-गो: प्रोग्रॅम नॉट फाउंड ऑर इज नॉट एक्झिक्युटेबल’ हा सगळ्यात जास्त दिसणारा एरर. प्लगिन शोधण्याचा नियम निव्वळ नावावर चालतो: ‘गो_आउट’ फ्लॅग दिला की प्रोटोसी पाथमध्ये ‘प्रोटोसी-जेन-गो’ शोधतो, ‘गो-जीआरपीसी_आउट’ दिला की ‘प्रोटोसी-जेन-गो-जीआरपीसी’. ही दोन वेगळी प्लगिनं आहेत आणि दोन्ही वेगवेगळी इन्स्टॉल करावी लागतात. गो इन्स्टॉल ती गोबिनमध्ये टाकतो. गोबिन ठरवलेलं नसेल तर होम डिरेक्टरीतल्या गो/बिनमध्ये. ती जागा पाथमध्ये नसली की फाइल डिस्कवर असूनही एरर येतो. टर्मिनलमधून चालतं पण एडिटरमधून नाही, असं असेल तर मॅकवर डॉकमधून उघडलेला एडिटर शेलची आरसी फाइल वाचतोच असं नाही हे आठवा. सी प्लस प्लसचं प्लगिन या नावाच्या नियमात बसत नाही. त्याचं नाव ‘जीआरपीसी_सीपीपी_प्लगिन’, म्हणून ‘प्लगिन’ फ्लॅगला ‘प्रोटोसी-जेन-जीआरपीसी’ बरोबर त्याचा पूर्ण पाथ असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं.

जुन्या ट्युटोरियलमधून उचललेली ‘प्लगिन्स=जीआरपीसी’ ही गो भाषेतली जुनेपणाची खूण. नव्या प्लगिनने ती बंद केली आहे आणि एररमध्येच ‘गो-जीआरपीसी_आउट’ वापरा असं सांगितलेलं असतं. अशी ओळ मेकफाइलमध्ये सापडली तर तिच्यासोबतच्या बाकीच्या सूचनाही तितक्याच जुन्या समजा.

‘अनएबल टू डिटर्माइन गो इम्पोर्ट पाथ’ आलं तर प्रोटो फाइलमध्ये ‘गो_पॅकेज’ ऑप्शन नाही. तो लिहा, आणि फाइल भलत्याच खोल फोल्डरात जाऊ नये म्हणून ‘पाथ्स=सोर्स_रिलेटिव्ह’ द्या. हा ऑप्शन दोन्ही प्लगिनांना वेगवेगळा द्यावा लागतो. एकालाच दिला तर मेसेजचा कोड एका फोल्डरात आणि सर्व्हिसचा दुसऱ्यात पडतो.

आता ॲप्टचं. उबुंटू २०.०४ मध्ये मिळणारा प्रोटोसी ३.६.१, २२.०४ मध्ये ३.१२.४ आणि २४.०४ मध्ये ३.२१.१२. प्रोटो३ या सिंटॅक्समधला ‘ऑप्शनल’ हा शब्द ३.१२ मध्ये प्रायोगिक म्हणून आला आणि ३.१५ पासून थेट चालू लागला. म्हणजे तीच प्रोटो फाइल मॅकवर होमब्रूच्या प्रोटोसीने सरळ जाते आणि २२.०४ च्या सीआय मशिनवर (बदल आपोआप तपासणाऱ्या) ‘एक्स्पेरिमेंटल_अलाउ_प्रोटो३_ऑप्शनल’ हा फ्लॅग मागत थांबते. फ्लॅग देऊन वेळ मारून नेता येते, पण ॲप्टचा प्रोटोसी विकासाच्या कामाला वापरू नये हेच खरं. रिलीजची झिप घ्या.

झिप घेतली की पुढची चूक हमखास होते. झिपमध्ये बिन आणि इन्क्लूड अशी दोन फोल्डरं असतात. लोक बिनमधला प्रोटोसी तेवढा कॉपी करतात आणि मग ‘गूगल/प्रोटोबफ/टाइमस्टॅम्प.प्रोटो: फाइल नॉट फाउंड’. प्रोटोसी या ठरलेल्या फाइली स्वतःच्या जागेवरून, म्हणजे बिनच्या शेजारच्या इन्क्लूडमध्ये शोधतो. दोन्ही फोल्डरं एकत्र हलवा, वेगळा फ्लॅग लागत नाही.

‘फाइल डज नॉट रिसाइड विदिन एनी पाथ’ या एररचं कारण प्रोटोसी स्वतःच कबूल करतो: प्रोटो_पाथ (प्रोटो फाइली जिथून शोधायच्या तो फोल्डर) हा फाइलच्या नावाची अक्षरशः सुरुवात असला पाहिजे. एकीकडे पूर्ण पाथ आणि दुसरीकडे सापेक्ष पाथ दिला तर दोन्ही एकाच जागी पोचतात हे त्याला उमगत नाही. रिपॉझिटरीच्या मुळापासून कमांड चालवा, सगळे पाथ सापेक्ष ठेवा, आणि प्रोटो फाइलींमधले इम्पोर्टही त्याच मुळापासून लिहा. टीममध्ये प्रत्येकाने आपापल्या फोल्डरातून प्रोटोसी चालवायचा ही पद्धत असेल तर हा एरर कायमचा पाहुणा.

कोड झाला, पण इम्पोर्ट किंवा कंपाइल होत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि निम्मा गोंधळ आकड्यांचा असतो. २०२२ मध्ये प्रोटोबफने, म्हणजे प्रोटोसी आणि या रनटाइम लायब्ररी ज्यातून येतात त्या प्रोजेक्टने, व्हर्जनची पद्धत बदलली. प्रोटोसी ३.२० नंतर एकदम २१ झाला आणि प्रत्येक भाषेच्या लायब्ररीचा पहिला आकडा स्वतंत्र चालू लागला. प्रोटोसी २५ ची पायथन लायब्ररी ४.२५ आणि जावाची ३.२५. प्रोटोसी २६ ची पायथन ५.२६, जावा ४.२६. जोडी जुळते का ते बघताना पहिला आकडा सोडून मधला वाचायचा. पायथनमध्ये ५ आणि जावामध्ये ४ दिसलं म्हणून काही बिघडलेलं नसतं.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. तयार झालेल्या कोडपेक्षा रनटाइम जुना असता कामा नये. कोड जुना आणि रनटाइम थोडा नवा हे चालतं. उलट अजिबात चालत नाही. नव्या पायथन रनटाइममध्ये ‘इनकम्पॅटिबल प्रोटोबफ जेनकोड/रनटाइम व्हर्जन्स’ असा व्हर्जनएरर येतो तो याच तपासणीचा, आणि त्यात दोन्ही आकडे छापलेले असतात. बरेचजण अशा वेळी जीआरपीसीआयओ-टूल्स अपग्रेड करतात. त्याने कोड आणखी नवा होतो आणि दरी वाढते. एखादं मशिन लर्निंग पॅकेज प्रोटोबफला खालच्या व्हर्जनवर अडकवून ठेवत असेल, तर त्या खालच्या रनटाइमला झेपेल इतक्या जुन्या जीआरपीसीआयओ-टूल्सने कोड तयार करा. मोजमाप नेहमी सगळ्यात जुन्या रनटाइमचं घ्यायचं.

अर्थात जुन्यालाही मर्यादा आहे. ‘डिस्क्रिप्टर्स कॅनॉट बी क्रिएटेड डायरेक्टली’ हा टाइपएरर २०२२ च्या मे महिन्यात पायथन प्रोटोबफ ४.२१ आल्यापासून सगळीकडे दिसू लागला. अर्थ इतकाच की तुमची पीबी२ फाइल (प्रोटोसीने तयार केलेला पायथन कोड) ३.१९ च्या आधीच्या प्रोटोसीने बनलेली आहे. एररमध्ये दोन तात्पुरते उपाय सुचवलेले असतात: प्रोटोबफ ३.२०.एक्सवर आणणं, किंवा ‘प्रोटोकॉल_बफर्स_पायथन_इम्प्लिमेंटेशन’ हे व्हेरिएबल ‘पायथन’ ठेवणं. दुसऱ्याने पार्सिंग शुद्ध पायथनमध्ये होतं आणि ते बरंच संथ असतं. डॉकरफाइलमध्ये एकदा शिरलेलं हे व्हेरिएबल पुढे कोणी काढत नाही, आणि सर्व्हिस हळू का याचा शोध भलतीकडेच चालतो. खरा उपाय एरर सुरुवातीलाच सांगतो: कोड नव्याने तयार करा. ती फाइल तुमची नसून एखाद्या पॅकेजमधली असेल तर ते पॅकेज अपग्रेड करा. कोणाची आहे हे ट्रेसबॅकमधल्या पाथवरून कळतं.

‘अनडिफाइंड: जीआरपीसी.सपोर्टपॅकेजइजव्हर्जन९’ हा याच रोगाचा गोमधला अवतार. हे नाव मुद्दाम घातलेलं असतं, जुना रनटाइम असेल तर कंपाइल थांबावं म्हणून. ९ म्हटलं की जीआरपीसी-गो १.६४.० किंवा नंतरचा हवा. ७ म्हटलं की १.३२.० पुरतो. कोणीतरी प्लगिन ‘ॲट लेटेस्ट’ने इन्स्टॉल केलं आणि गो डॉट मॉड जुनंच राहिलं, एवढीच कथा. रनटाइम वर न्या किंवा प्लगिन खाली आणा.

‘मस्टएम्बेडअनइम्प्लिमेंटेड...सर्व्हर ही मेथड नाही’ हा व्हर्जनचा घोळ नाही. सर्व्हरच्या स्ट्रक्टमध्ये तयार झालेलं अनइम्प्लिमेंटेड स्ट्रक्ट एम्बेड करा, तेही पॉइंटर न करता. प्रोटोमध्ये उद्या नवी मेथड आली तर बिल्ड मोडू नये म्हणून ही सोय आहे. ‘रिक्वायर_अनइम्प्लिमेंटेड_सर्व्हर्स=फॉल्स’ देऊन ती बंद करता येते, पण कारण नसताना करू नका.

पायथनमध्ये ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ येऊन पीबी२ फाइलचंच नाव दिसलं तर कोड नीट तयार झाला आहे, फक्त चुकीच्या जागी ठेवला आहे. जीआरपीसीची फाइल मेसेजच्या फाइलला निरपेक्ष नावाने इम्पोर्ट करते, आणि ते नाव प्रोटो_पाथपासून मोजलेलं असतं. दोन्ही फाइली एखाद्या पॅकेजच्या आत हलवल्या की नाव चुकतं. सेड वापरून इम्पोर्टच्या ओळी बदलणारी स्क्रिप्ट अनेक प्रोजेक्टांत दिसते. चालते, पण प्रोटो फाइलींमध्ये एकमेकींचे इम्पोर्ट आले की कोलमडते. त्यापेक्षा पायथनमध्ये पॅकेजचा जो पाथ हवा, त्याच फोल्डररचनेत प्रोटो फाइली ठेवा आणि प्रोटो_पाथ त्या रचनेच्या वर रोखा. मग इम्पोर्ट आपोआप बरोबर येतो.

जावामध्ये मेव्हन किंवा ग्रेडलचं प्लगिन प्रोटोसी स्वतःच ठरावीक व्हर्जनचा उतरवून घेतं, त्यामुळे पहिला टप्पा शांत असतो. तिथे त्रास ‘नोसचमेथडएरर’च्या रूपाने चालताना येतो. डिपेंडन्सीचं झाड छापून प्रोटोबफ-जावाची दोन व्हर्जनं कोण ओढतंय ते बघा.

पुन्हा उलटू नये म्हणून

तिन्ही वस्तूंची व्हर्जनं रिपॉझिटरीत लिहिलेली हवीत, मशिनच्या भरवशावर नाहीत. गोची प्लगिनं ‘ॲट लेटेस्ट’ने कधीच घेऊ नका, व्हर्जन लिहा, गोबिन प्रोजेक्टमधल्याच एका बिन फोल्डरावर रोखा आणि मेकफाइलमध्ये तो फोल्डर पाथच्या सुरुवातीला लावा. प्रोटोसीची झिप ठरावीक व्हर्जनची, त्याच स्क्रिप्टमधून उतरवा. पायथनमध्ये जीआरपीसीआयओ-टूल्स हे डेव्हलपमेंट डिपेंडन्सीत, नेमक्या आकड्यासह. बफ (प्रोटो फाइली हाताळणारं टूल) वापरत असाल तर त्याच्या जेन फाइलमध्ये प्रत्येक प्लगिनला व्हर्जन द्या. ते सोडलं तर बफनेही प्रश्न सुटत नाही.

कोणत्या हत्यारांनी कोड बनला हे तपासायला बाहेर कुठे जावं लागत नाही. गोच्या तयार फाइलच्या डोक्यावर प्लगिन आणि प्रोटोसी दोन्हींची व्हर्जनं कॉमेंटमध्ये लिहिलेली असतात. पायथनच्या नव्या पीबी२ फाइलीतही असतात. तयार कोड गिटमध्ये ठेवावा की नाही यावर वाद संपत नाहीत. ठेवलात तर सीआयमध्ये तो नव्याने तयार करून ‘गिट डिफ’ला एक्झिट-कोड फ्लॅग लावा. कॉमेंटमधला आकडा बदलला तरी सीआय लाल होतं, आणि ते तसंच व्हायला हवं.

कॉल जात नाही

स्टेटस कोड वाचा, शब्दांपेक्षा तो विश्वासू असतो. १४ म्हणजे अनअव्हेलेबल, १२ म्हणजे अनइम्प्लिमेंटेड, ८ म्हणजे रिसोर्स एक्झॉस्टेड, ४ म्हणजे डेडलाइन उलटली.

१४ ची झडती सर्व्हरच्या बाजूने सुरू करा. ‘एसएस’ कमांडने ऐकणारे पोर्ट बघा. कंटेनरमधला सर्व्हर १२७.०.०.१:५००५१ वर ऐकत असेल तर बाहेर पोर्ट पब्लिश करून उपयोग नाही, कारण तो पत्ता कंटेनरच्या आतला. ०.०.०.० वर बांधा. मग बाहेर पब्लिश करताना मात्र पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, नाहीतर तुमचा बिनपासवर्डी डेव्हलपमेंट सर्व्हर अख्ख्या नेटवर्कला खुला होतो. एका कंटेनरमधून दुसऱ्याकडे जाताना लोकलहोस्ट चालत नाही. डॉकर कंपोझमधलं सर्व्हिसचं नाव आणि आतला पोर्ट द्यायचा.

नंतर जीआरपीकर्ल, म्हणजे टर्मिनलवरून जीआरपीसी कॉल करण्याचं टूल. प्लेनटेक्स्ट फ्लॅग देऊन सर्व्हिसची यादी मागा. रिफ्लेक्शन (सर्व्हरने आपल्या सर्व्हिस स्वतः सांगण्याची सोय) नाही अशी तक्रार आली तरी ती चांगली बातमी आहे, जोडणी झाली. रिफ्लेक्शन चालू करा किंवा प्रोटो फाइल हाताने द्या.

टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) एका बाजूला आणि दुसरीकडे नाही, हे चटकन ओळखता येतं. क्लायंट टीएलएस बोलतो आणि सर्व्हर साधा, तर गोमध्ये ‘फर्स्ट रेकॉर्ड डज नॉट लुक लाइक अ टीएलएस हँडशेक’ आणि पायथनमध्ये ‘राँग_व्हर्जन_नंबर’. दुसऱ्या शब्दाने फसू नका, तो टीएलएसच्या व्हर्जनबद्दल नाही. उलट असेल तर सर्व्हरचा प्रिफेस (जोडणीचा पहिला संदेश) वाचताना जोडणी तुटते. हाताने बनवलेल्या सर्टिफिकेटमध्ये फक्त कॉमन नेम टाकलं असेल तर गो १.१५ पासून ते मानत नाही; सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेममध्ये लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ दोन्ही लिहा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रॉक्सीची व्हेरिएबलं आधीच भरलेली असतात, आणि जीआरपीसी ती मानतो. गो लोकलहोस्टला स्वतःहून वगळतो, पण पायथनसकट सी-कोअरवर (जीआरपीसीच्या सामाईक गाभ्यावर) चालणाऱ्या भाषांना ते ‘नो_प्रॉक्सी’मध्ये सांगावं लागतं. एकाच मशिनवर गोचा क्लायंट जातो आणि पायथनचा नाही, असं दिसलं की आधी इथे बघा. सर्व्हिसची कंपोझमधली नावंही तिथे टाका.

सर्व्हर चालू केला, तरी क्लायंट मिनिटभर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’च म्हणत राहतो. हा बिघाड नाही. पुन्हा जोडण्याच्या प्रयत्नांत अंतर वाढत जातं: सुरुवात १ सेकंद, दर वेळी १.६ पट, कमाल १२० सेकंद, त्यात २० टक्के मागेपुढे. मधल्या काळात कॉल केला की आधीचाच एरर ताबडतोब परत मिळतो. सर्व्हर सतत रीस्टार्ट होत असेल तर डेव्हलपमेंटमध्ये कमाल मर्यादा दोनतीन सेकंदांवर आणा, किंवा कॉलला ‘वेट फॉर रेडी’ लावा. पण ते लावताना डेडलाइन द्याच. जीआरपीसीत मुळात डेडलाइन नसते, आणि न दिल्यास कॉल अनंतकाळ लटकतो.

गोमध्ये जोडणीसाठीचं ‘डायल’ सोडून ‘न्यूक्लायंट’ या फंक्शनवर आलेल्यांच्या बफकॉन (नेटवर्कविना मेमरीतून चालणाऱ्या) टेस्ट ‘प्रोड्यूस्ड झीरो ॲड्रेसेस’ म्हणत पडतात. नव्या फंक्शनचा मूळ रिझॉल्व्हर डीएनएस आहे आणि तो खोटं नाव खरंच शोधायला जातो. पत्त्याच्या आधी ‘पासथ्रू’, कोलन आणि तीन स्लॅश लावा.

१२ आला की जोडणी ठीक आहे, पत्ता चुकला आहे. कॉलचा पाथ प्रोटोमधलं पॅकेज, सर्व्हिस आणि मेथड यांचा बनतो. एका बाजूने पॅकेजचं नाव ‘व्ही१’ वरून ‘व्ही२’ केलं आणि दुसरीने कोड नव्याने तयार केला नाही, तर कोड दोन्हीकडे कंपाइल होतो आणि कॉल पडतो. सर्व्हिस रजिस्टर करायची राहिली असेल तरी हेच. आणि मध्ये एखादा प्रॉक्सी असेल तर त्याचा ४०४ सुद्धा क्लायंटला १२ म्हणूनच दिसतो. एनजिनएक्समध्ये जीआरपीसीसाठी ‘जीआरपीसी_पास’ लागतो, साधा ‘प्रॉक्सी_पास’ नाही, तो १.१३.१० पासून आहे.

८ मध्ये ४१९४३०४ हा आकडा दिसला तर मेसेज ४ एमबीपेक्षा मोठा आहे. ही मर्यादा घेणाऱ्याची असते, म्हणून मोठं उत्तर येत असेल तर ती क्लायंटमध्ये वाढवायची, सर्व्हरमध्ये नाही.

एवढ्यावरही धागा सापडला नाही तर आतला लॉग उघडा. सी-कोअरच्या भाषांत ‘जीआरपीसी_व्हर्बोसिटी’ला डीबग, गोमध्ये ‘जीआरपीसी_गो_लॉग_सिव्हेरिटी_लेव्हल’ला इन्फो आणि ‘जीआरपीसी_गो_लॉग_व्हर्बोसिटी_लेव्हल’ला ९९. लॉगमध्ये सर्व्हरच्या नावाचा कोणता पत्ता निघाला ती ओळ आधी शोधा.